टाइप २ मधुमेहात व्यायाम: आधी गोळ्यांचं पाकीट, मग बूट

डॉक्टर म्हणतात, "रोज चालत जा." दुसऱ्या दिवशी पहाटे, उपाशीपोटी, जुन्याच चपला घालून माणूस तासभर चालून येतो. पंधरवड्यात गुडघा धरतो, नाहीतर टाचेला फोड येतो, नाहीतर वाटेतच दरदरून घाम फुटून घेरी येते. यातलं काहीच झालं नाही तरी मीटर गोंधळात टाकतं. जाताना १४५ असलेली शुगर आल्यावर १६० दिसते, आणि मग घरात सांगितलं जातं की मला व्यायाम मानवत नाही.

टाइप २ मधुमेहात व्यायाम मानवत नाही असं फार क्वचित घडतं. बहुतेक वेळा क्रम चुकलेला असतो. खाली दिलेल्या टप्प्यांत चालणं पाचव्या क्रमांकावर आहे, आणि बहुतेक लोक सुरुवातच तिथून करतात.

हा लेख टाइप २ मधुमेह असलेल्या प्रौढ स्त्री-पुरुषांसाठी आहे. टाइप १ आणि गरोदरपणातला मधुमेह यांचे नियम वेगळे असतात. लेख वाचून औषधाचा डोस बदलू नका. डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं ते ठरवण्यासाठी तो वापरा.

व्यायामाने शरीरात काय होतं

काम करणारा स्नायू रक्तातली साखर इन्सुलिनच्या मदतीशिवायही आत ओढून घेतो. टाइप २ मध्ये इन्सुलिन असूनही पेशी त्याला दाद देत नाहीत, पण हा दुसरा मार्ग शाबूत असतो. शिवाय व्यायाम थांबल्यावरही साधारण एक ते तीन दिवस इन्सुलिन जास्त चांगलं लागू पडतं. म्हणूनच सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा नको, असा नियम आहे. रविवारी तीन तास चालून पुढचे सहा दिवस बसून काढले, तर गुरुवारपर्यंत त्या चालण्याचा परिणाम ओसरलेला असतो.

गाठायचं ते हे: आठवड्याला किमान १५० मिनिटं भरभर चालणं किंवा तेवढ्या दमाचा दुसरा व्यायाम, तो निदान तीन दिवसांत विभागलेला, आणि आठवड्यातून दोन-तीन दिवस ताकदीचा व्यायाम. हा दुसरा भाग आपल्याकडे जवळजवळ सगळेच गाळतात. वजन फारसं नाही, पण पोट सुटलेलं आणि हातपाय बारीक, अशी ठेवण भारतीयांत सर्रास दिसते. स्नायू कमी असले की जेवणानंतर आलेल्या साखरेला जागा कमी पडते.

टप्पा १: गोळ्यांचं पाकीट वाचा

मोठ्या अक्षरातलं कंपनीचं नाव सोडा, खालचं बारीक अक्षरातलं औषधाचं नाव वाचा. एका गोळीत दोन-तीन औषधं असतात. "मी फक्त मेटफॉर्मिन घेते" असं सांगणाऱ्यांच्या पाकिटावर अनेकदा ग्लिमेपिराइडही छापलेलं असतं, आणि व्यायामाच्या दृष्टीने तोच सगळ्यात महत्त्वाचा शब्द असतो.

इन्सुलिन, ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिपिझाइड, ग्लिबेनक्लामाइड किंवा रेपाग्लिनाइड यांपैकी काहीही चालू असेल तर चालताना किंवा चालून आल्यावर काही तासांनी शुगर लो होऊ शकते. तुम्हाला पुढचा प्रत्येक टप्पा काटेकोरपणे पाळायचा आहे. मेटफॉर्मिन, सिटाग्लिप्टिन किंवा व्हिल्डाग्लिप्टिन, डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन, पायोग्लिटाझोन ही औषधं वरच्यांपैकी कशाची जोड नसताना शुगर सहसा लो करत नाहीत. अशांनी चालायला निघण्याआधी दर वेळी काहीतरी खाऊन घ्यायची गरज नाही. चालण्याच्या धास्तीने खाल्लेल्या बिस्किटांमुळे चालण्याचा फायदा तिथेच संपतो.

आणखी चार गोष्टी पाकिटावर शोधा.

पाकिटावर व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असेल तर शुगर लो झाल्यावर साखर, गूळ, पेढा वेळेवर कामाला येत नाही, कारण ही औषधं साध्या साखरेचं पोटातलं विघटन लांबवतात. अशांनी ग्लुकोज पावडरच जवळ ठेवावी. ही औषधं ग्लिमेपिराइडबरोबर एकाच गोळीत दिली जातात, तरी ही गोष्ट फार कमी घरांत माहीत असते.

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांच्यामुळे लघवीवाटे साखरेबरोबर पाणीही जातं. या गोळ्या चालू असताना कडक उपवास आणि लांबचं चालणं एकत्र करू नका. मळमळ, पोटात दुखणं, जोरजोरात श्वास अशी लक्षणं दिसली तर मीटरवर शुगर फार नसली तरी लगेच दवाखाना गाठा.

ब्लडप्रेशरसाठी किंवा हृदयासाठी मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल, बिसोप्रोलॉल यांपैकी काही चालू असेल तर नाडी एरवीइतकी वाढत नाही. घड्याळातल्या ठोक्यांवरून तुमचा व्यायाम मोजता येणार नाही. शुगर लो होताना जाणवणारी धडधड आणि थरथरही दबते, घाम मात्र येतो. घाम हीच तुमची खूण समजा.

इन्सुलिन घेत असाल तर चालायच्या आधीचं इंजेक्शन मांडीत घेऊ नका, पोटावर घ्या. चालणाऱ्या पायातून ते भराभर शोषलं जातं.

> तपासा: औषधांची नावं आणि वेळा एका कागदावर लिहिल्या का? मेडिकलवाल्याने बदलून दिलेल्या पाकिटावरची नावंही जुळतात का?

टप्पा २: खिशात ग्लुकोज, डोक्यात आकडे

शुगर लो करणारं औषध चालू असेल तर ही तयारी झाल्याशिवाय घराबाहेर पडू नका. एका पुडीत सपाट भरलेले चहाचे तीन-चार चमचे, म्हणजे साधारण १५ ग्रॅम ग्लुकोज. अशा दोन पुड्या. सोबत फोन, आणि "मला मधुमेह आहे" असं लिहून खाली घरचा नंबर टाकलेली चिठ्ठी.

पहिले काही आठवडे निघण्याआधी शुगर बघा. आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरचे, म्हणजे आपल्या मीटरवर दिसतात तेच.

९०च्या खाली असेल आणि शुगर लो करणारं औषध चालू असेल, तर आधी एक छोटं केळं किंवा एक फुलका खा, मग निघा. ९० ते २५० मध्ये असेल तर बेलाशक निघा. २५०च्या वर असेल पण तब्येत ठीक असेल तर पाणी पिऊन हलकं चाला, दमछाक होईल असं काही करू नका. २५०च्या वर असून मळमळ, ताप, ग्लानी असेल, किंवा शुगर ३००च्या वर गेली असेल, तर त्या दिवशी व्यायाम बंद आणि डॉक्टरांना फोन.

चालताना अचानक घाम, थरथर, जबर भूक, चिडचिड, बोलण्यात गोंधळ यांपैकी काही जाणवलं की तिथेच बसा. "घर आलंच आहे" म्हणून पुढे जाऊ नका. एक पुडी पाण्यात घालून प्या, पाणी नसेल तर तशीच तोंडात टाका. पंधरा मिनिटांनी शुगर बघा. अजून ७०च्या खाली असेल तर दुसरी पुडी. बरं वाटल्यावर पुढचं जेवण तासाभराहून लांब असेल तर पोळी किंवा भात असं काही खा. चॉकलेट, बर्फी, क्रीमची बिस्किटं पहिल्या मिनिटांत उपयोगाची नाहीत, त्यातल्या तुपा-तेलामुळे साखर रक्तात उशिरा पोचते.

> सावधान: माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, श्वास अडकतो. कुशीवर वळवा आणि १०८ला फोन करा.

टप्पा ३: हृदय आणि डोळे

कसलाही त्रास नसेल आणि फक्त चालायला सुरुवात करायची असेल तर त्यासाठी प्रत्येकाला ट्रेडमिल टेस्ट लागत नाही. "टेस्ट झाली की सुरू करतो" म्हणत महिने काढणारे पुष्कळ असतात. पण जिना चढताना पूर्वीपेक्षा जास्त धाप लागते, चालताना छातीवर दाब येतो, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते, मधुमेह बरीच वर्षं आहे आणि सोबत तंबाखू किंवा किडनीचा त्रास आहे, किंवा थेट पळायचं अथवा जिममध्ये जड वजन उचलायचं आहे, तर आधी तपासणी करून घ्या.

मधुमेहात हृदयविकार अनेकदा छातीत न दुखता येतो. बायकांनी तर इथे जास्तच सावध राहायला हवं. एरवी त्यांना हृदयविकार पुरुषांपेक्षा उशिरा गाठतो, पण मधुमेह असला की ही सवलत बरीचशी जाते. अनेक अभ्यास एकत्र करून २०१४ साली केलेल्या विश्लेषणात मधुमेहामुळे हृदयविकाराचा धोका पुरुषांत सुमारे २.२ पट, तर बायकांत सुमारे २.८ पट झालेला दिसला. लक्षणंही फसवी असतात: जबड्यात किंवा पाठीत दुखणं, मळमळ, कधी नव्हे असा थकवा. घरी त्याला अ‍ॅसिडिटी म्हणून ओवा दिला जातो. चालताना येणारी आणि थांबल्यावर जाणारी "अ‍ॅसिडिटी" डॉक्टरांना दाखवलीच पाहिजे.

पुरुषांसाठी असाच एक इशारा म्हणजे लैंगिक ताठरता कमी होणं. लाजेने हा विषय टाळला जातो, पण हृदयाच्या रक्तवाहिन्या बिघडत असल्याची ती आधी दिसणारी खूण असू शकते. व्यायाम वाढवण्याआधी हे डॉक्टरांना सांगा.

डोळ्यांचा पडदा वर्षभरात तपासला नसेल तर आधी तपासा. पडद्यावर नव्या नाजूक रक्तवाहिन्या उगवल्या असतील तर श्वास रोखून वजन उचलणं, उड्या, शीर्षासन, डोकं खाली जाणारी आसनं यांनी डोळ्यात रक्तस्राव होऊ शकतो. तुम्हाला दिसायला सगळं स्वच्छ दिसत असलं तरी पडदा खराब असू शकतो.

टप्पा ४: पाय आणि बूट

बधिर पायाला दगड टोचलेला कळत नाही. एक फोड, त्यात जंतू, मग न भरणारी जखम, आणि शेवटी बोट किंवा पाऊल काढण्याची वेळ. हे टाळता येतं, आणि त्याला रोजची दोन मिनिटं पुरतात.

रात्री दोन्ही तळवे आरशात किंवा घरच्या माणसाकडून बघून घ्या. बोटांच्या बेचक्या, टाचा, नखांचे कोपरे. लालसर ठिपका, फोड, भेग, कुरूप. कुरूप ब्लेडने कापू नका. पायांना मुंग्या येणं, आग होणं, चप्पल निसटल्याचं न कळणं यांपैकी काही असेल तर पायाच्या संवेदनेची तपासणी मागून घ्या. बारीक नायलॉनच्या तंतूने केली जाते, दुखत नाही.

बूट संध्याकाळी विकत घ्या, कारण दिवसभरात पाय थोडा सुजलेला असतो. पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. मोजे सुती, घट्ट रबर नसलेले. नवे बूट पहिल्या दिवशी घरातच अर्धा तास घाला आणि काढल्यावर पाय बघा. घालण्याआधी बूट उलटा करून झटका. आत खडा, खिळा, झुरळ काहीही सापडतं. साडीवर बूट विचित्र दिसतात म्हणून चपलेवर चालणाऱ्या बायकांना माझं कळकळीचं सांगणं आहे की लोकांच्या नजरेपेक्षा तुमचा तळपाय मोलाचा आहे.

> सावधान: पाय बधिर असतील तर अनवाणी प्रदक्षिणा, गवतावर अनवाणी चालणं, उन्हात तापलेल्या फरशीवरून जाणं बंद. पायावर उघडी जखम असेल तर ती भरेपर्यंत चालण्याचा व्यायाम बंद. खुर्चीवर बसून हातांचे व्यायाम चालतील.

टप्पा ५: जेवणानंतर दहा मिनिटं

पहाटेचं चालणं वाईट नाही, पण सुरुवातीला जेवणानंतरचं चालणं जास्त कामाचं. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातल्या संशोधकांनी टाइप २ मधुमेह असलेल्या ४१ जणांना दोन तऱ्हांनी चालायला लावलं: दिवसातून कधीही सलग ३० मिनिटं, किंवा तिन्ही जेवणांनंतर प्रत्येकी १० मिनिटं. २०१६ साली प्रसिद्ध झालेले निकाल असे: दुसऱ्या तऱ्हेत जेवणानंतरची शुगर सरासरी १२ टक्क्यांनी कमी राहिली, आणि रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्क्यांनी. एकूण मिनिटं तेवढीच होती. आपलं रात्रीचं जेवण उशिरा, भाताचं, आणि नंतर थेट अंथरूण. त्यामुळे तिन्ही वेळा जमत नसेल तर रात्रीची वेळ सोडू नका.

पहिला आणि दुसरा आठवडा: जेवण संपल्यावर अर्ध्या तासाच्या आत १० मिनिटं. गच्ची, सोसायटीचा पॅसेज, अंगण, घरातल्या घरात फेऱ्या, काहीही चालेल.

तिसरा आणि चौथा आठवडा: दोन जेवणांनंतर १५ मिनिटं, आणि वेग वाढवायचा. योग्य वेग असा, की बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही. आरामात अभंग म्हणता येत असेल तर चाल मंद आहे. एक वाक्यही पूर्ण होत नसेल तर फार जोरात.

पाचव्या आठवड्यापासून: एक वेळ २५ ते ३० मिनिटं सलग, बाकी जेवणांनंतर १० मिनिटं. वाढ वेळेत करा किंवा वेगात, दोन्हीत एकाच आठवड्यात नको.

गुडघे दुखत असतील तर सायकल, पाण्यातलं चालणं, किंवा खुर्चीत बसून पाय चालवणं. हृदयाचा त्रास आधीच माहीत असेल आणि जेवणानंतर छातीत दडपतं, तर ही वेळ डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

> तपासा: दुसऱ्या दिवशी सकाळी सांधा दुखतोय की स्नायू? स्नायूंची ठणक दोन दिवसांत जाते, ती चालेल. सांधा सुजला किंवा दुखणं वाढलं तर अर्ध्यावर या.

टप्पा ६: ताकद

अमेरिकेत लुइझियाना राज्यात टाइप २ मधुमेह असलेल्या २६२ स्त्री-पुरुषांवर नऊ महिने अभ्यास झाला, त्याचे निकाल २०१० साली आले. नुसतं चालणाऱ्यांत किंवा नुसती वजनं उचलणाऱ्यांत एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा रक्ततपासणीचा आकडा, मनाजोगतं उतरलं नाही. दोन्ही थोडं थोडं करणाऱ्यांत ते स्पष्टपणे उतरलं. म्हणून तिसऱ्या आठवड्यापासून, चालणं अंगवळणी पडत असतानाच, ताकदीचा व्यायाम जोडा. एक दिवसाआड, आठवड्यातून दोन किंवा तीनदा, पंधरा-वीस मिनिटं.

जिम लागत नाही. हात न टेकता खुर्चीतून उठणं-बसणं. भिंतीला हात टेकून जोर. कठडा धरून टाचा वर उचलणं. एका पायरीवर चढ-उतार. लिटरभर पाण्याची बाटली, म्हणजे एक किलो, खांद्यापासून वर नेणं. पिशवीत तांदूळ भरून कमरेपर्यंत ओढणं. प्रत्येक व्यायाम १० ते १५ वेळा, पहिले दोन आठवडे एक फेरी, नंतर दोन.

उचलताना श्वास सोडा, खाली आणताना घ्या. मोठ्याने आकडे मोजलेत तर श्वास रोखलाच जाणार नाही. हे साधं वाटतं, पण ब्लडप्रेशर आणि डोळ्यांच्या दृष्टीने या टप्प्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. पंधरा वेळा सहज जमू लागलं की वजन वाढवा. बाटली वर्षभर तीच राहिली तर स्नायूही तेवढेच राहतात.

सूर्यनमस्काराबद्दल बरेच जण विचारतात. चांगला व्यायाम आहे, दम वाढतो, अंग मोकळं होतं. पण त्यात पायांवरचा भार वाढवत नेता येत नाही, आणि डोकं खाली जातं. पडदा खराब असलेल्यांनी तो टाळावा. ताकदीच्या व्यायामाच्या जागी तो धरू नये असं माझं मत आहे.

साठीच्या पुढच्यांनी कठड्याजवळ एका पायावर उभं राहण्याचा सरावही करावा. बधिर पाय आणि बिघडलेला तोल हे पडण्याचं मोठं कारण असतं.

बायका कुठे अडतात, पुरुष कुठे चुकतात

व्यायामाने साखर दोघांचीही उतरते. अडथळे मात्र वेगळे असतात, आणि सरसकट सल्ल्यात तेच हरवतात.

"दिवसभर उभीच असते, आणखी कसला व्यायाम?" हे बायकांचं म्हणणं खोटं नाही. घरकामामुळे बैठक मोडते, त्याचा फायदा आहेच. पण ते तुटक तुटक होतं, दम लागेल एवढा वेग त्यात क्वचित येतो, आणि भार वाढत जात नाही. घरकाम हे बसण्याच्या विरुद्ध बाजूला मोजा, १५० मिनिटांत धरू नका. घरच्यांनीही रात्रीची भांडी ओट्यावर तशीच ठेवून तिला दहा मिनिटं चालायला मोकळं करावं. त्याशिवाय टप्पा ५ तिच्यासाठी कागदावरच राहील.

दुसरी अडचण जेवणाच्या वेळेची. जेवणाआधीची ग्लिमेपिराइडची गोळी सगळ्यांबरोबर घेतली जाते, आणि जेवायला ती बसते सगळ्यांना वाढून झाल्यावर. त्यात संध्याकाळी चालणं झालेलं असलं तर शुगर लो व्हायला एवढं पुरतं. गोळी पोटात गेली की ताट समोर हवं, हा नियम घरात सगळ्यांना माहीत असू द्या.

पाळी जाण्याच्या वयात एकदम गरम होऊन घाम येतो. तो आणि शुगर लो झाल्याचा घाम सारखाच वाटतो. अंदाजाने साखर खाऊ नका, मीटर लावा. याच वयात पोट सुटतं, स्नायू आणि हाडं झिजतात, म्हणून ताकदीच्या व्यायामाची गरज बायकांना अधिक असते. हात पुरुषी दिसतील ही भीती सोडा. घरातल्या दोन-चार किलोंनी तसं होत नाही.

खोकताना, उडी मारताना लघवी निसटते म्हणून अनेकजणी चालणं सोडतात किंवा पाणी पिणं कमी करतात. पाणी कमी करणं मधुमेहात घातक, आणि डापाग्लिफ्लोझिन-एम्पाग्लिफ्लोझिन चालू असेल तर अधिकच. उड्या टाळा, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळून सोडण्याचा व्यायाम शिकून घ्या, डॉक्टरांना सांगा. याच गोळ्यांवर जांघेत खाज, जंतुसंसर्ग होऊ शकतो. घामाचे कपडे लगेच बदला.

पुरुषांची चूक बहुधा सुरुवातीलाच होते. कॉलेजात खेळायचो, या आठवणीवर चाळिशी-पन्नाशीत थेट बॅडमिंटन किंवा रविवारचं क्रिकेट. वर्षानुवर्षं बसलेल्या हृदयावर अचानक पूर्ण जोर टाकणं धोक्याचं आहे. सहा आठवडे चालणं आणि ताकद, त्यानंतर खेळ, आणि खेळाआधी दहा मिनिटं अंग गरम करणं.

जिममध्ये गेले तर छाती आणि दंड. शरीरातले सगळ्यात मोठे स्नायू मांड्यांत आणि कुल्ल्यांत आहेत, साखर तिथेच जास्त खपते. पाय वगळून केलेला ताकदीचा व्यायाम मधुमेहासाठी अपुरा ठरतो.

> सावधान: संध्याकाळी व्यायाम आणि त्यावर रात्री दारू, हे इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्यासाठी जिवावर बेतू शकतं. दारूमुळे यकृत रक्तात साखर सोडायचं थांबतं, पहाटे शुगर लो होते, आणि वासामुळे आसपासच्यांना वाटतं प्यायलाय, झोपू द्या.

टप्पा ७: मोजायचं कसं

पहाटे उपाशीपोटी चालून आल्यावर शुगर वाढलेली दिसली तर घाबरू नका. पहाटे शरीर स्वतःच रक्तात साखर सोडत असतं. जोरात पळणं किंवा जड वजन यांनीही काही वेळ शुगर वर जाते आणि मग उतरते. एका आकड्यावरून निकाल लावू नका.

जोडीने मोजा. एके दिवशी रात्री जेवून बसून राहा, पहिल्या घासापासून दोन तासांनी शुगर बघा. दुसऱ्या दिवशी तेच जेवण, त्यानंतर १५ मिनिटं चाला, पुन्हा दोन तासांनी बघा. असं तीन-चार वेळा केलं की तुमच्या शरीराचं उत्तर तुम्हाला मिळतं. आधी साबणाने हात धुऊन कोरडे करा. फळ कापलेल्या बोटाने आकडा भलताच वर जातो. स्ट्रिपची मुदत बघा. दंडावर शुगर मोजणारा सेन्सर लावला असेल तर चालताना त्याचा आकडा रक्ताच्या काही मिनिटं मागे असतो, लक्षणं जाणवली तर बोटावरची तपासणी करा.

वजनाचा काटा तीन महिने बाजूला ठेवला तरी चालेल. कमरेचा घेर बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडून, महिन्यातून एकदा लिहा. आपल्याकडे पुरुषांसाठी ९० आणि बायकांसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा धरतात. वजन न हलताही घेर आणि शुगर उतरते.

टप्पा ८: उपवास, ऊन, वारी, ताप

उपवासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी खाल्लीत तर ते उपाशी राहणं नव्हे, तो भरपूर पिठूळ आहार आहे. त्यानंतर चालणं फायद्याचंच. निर्जळी किंवा दिवसभर काही न खाता राहणार असाल तर त्या दिवशी फक्त घरातल्या घरात हलकी हालचाल. गोळ्यांचं काय करायचं ते आदल्या दिवशी विचारून ठेवा.

विदर्भ-मराठवाड्यातल्या एप्रिल-मे महिन्यांत सूर्य वर आल्यावर बाहेर चालू नका. इन्सुलिनचं पेन गाडीत ठेवू नका. ओआरएसमध्ये ग्लुकोज असतं, साध्या चालण्यासाठी पाणी पुरतं.

वारीला जाणार असाल तर तयारी दोन-तीन महिने आधी सुरू करा. एरवी अर्धा तास चालणाऱ्याने रोजचे वीस किलोमीटर चालायचे म्हटले तर औषधाचा डोस आधी ठरवून घ्यावाच लागतो. बूट जुने, सरावाचे. दोन जोड मोजे. पावसात भिजलेले पाय रोज संध्याकाळी पुसून बघायचे.

ताप, उलट्या, जुलाब असतील तर व्यायाम पूर्ण बंद. बरं झाल्यावर आधीच्या निम्म्यावरून सुरुवात.

टप्पा ९: तीन महिन्यांनी डॉक्टरांकडे

एचबीएवनसी मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब दाखवतं, म्हणून त्याआधी ते करून घेण्यात अर्थ नाही. सोबत हिमोग्लोबिनही तपासून घ्या, बायकांनी तर आवर्जून. शरीरात लोह कमी असेल तर एचबीएवनसी खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतं, आणि मग केलेल्या कष्टांचं फळ कागदावर दिसत नाही.

जाताना वही न्या: आठवड्याची मिनिटं, ताकदीचे दिवस, जोडीने घेतलेले आकडे, कमरेचा घेर, आणि शुगर ७०च्या खाली गेली ते दिवस, वेळ आणि त्याआधी काय केलं होतं. "चालतो अधूनमधून" यापेक्षा अशा वहीवर डॉक्टर निर्णय घेऊ शकतात. थेट विचारा: आता ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन कमी करायचं का? कोणत्या वेळचं? तोपर्यंत महिन्यात दोनदा जरी शुगर लो झाली असेल, तर तीन महिने पुरे होण्याची वाट न बघता त्याच आठवड्यात फोन करा, आणि गोळी मनाने बंद न करता त्यांच्याकडून नवा डोस लिहून घ्या.